शंभर मैल आणि एक गावकूस

गेल्या पावसाळ्यात मी फोनमधल्या नोट्समध्ये एक यादी केली आणि तिला नाव दिलं 'सूट'. पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मी आणि माझी रूममेट, दोघींनी ठरवलं होतं की एक महिना फक्त आपापल्या जिल्ह्यातलं खायचं. ती साताऱ्याची. तांदळापासून स्ट्रॉबेरीपर्यंत तिचं सगळं घरच्या घरी भागत होतं. मी धाराशिवची, कळंब तालुक्यातली. माझ्या यादीत पहिल्या रात्रीच मीठ, चहा, हळद, जिरं, लवंग, दगडफूल, तांदूळ, खोबरं आणि तेल एवढं जमा झालं. तेलापुढे मी प्रश्नचिन्ह टाकलं. ते का, हे पुढे येईल.

आजीला फोनवर सांगितलं तर ती जरा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मीठ कुठनं आणणार गं माय? येडशीच्या डोंगरातनं?"

मीठ आमच्याकडे कधीच नव्हतं. समुद्र तीनशे किलोमीटरच्या आसपास लांब. लमाणांच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवर घालून आणलं तेव्हा गावांनी ते खाल्लं; लमाण हे नावच लवणावरून आलं असं मानतात. म्हणजे स्थानिक जेवणाची पहिलीच चिमूट बाहेरची. मी मिठापुढे बरोबरची खूण केली आणि पुढे सरकले.

आमचा महिना अकराव्या दिवशी बारगळला (ऑफिसातला एक वाढदिवस, केक, विषय संपला). त्यामुळे हा लेख त्या प्रयोगाविषयी नाही. त्या निमित्ताने तीन पुस्तकं वाचली, त्यांविषयी आहे. त्यातही दोन पटकन उरकते, कारण मला बोलायचंय ते तिसऱ्यावर.

स्थानिक खाण्याचं आजचं वेड ज्या पुस्तकांनी घडवलं त्यांतली दोन २००७ साली आली. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या अलिसा स्मिथ आणि जे. बी. मॅकिनन या जोडप्याने २००५ मध्ये ठरवलं की वर्षभर घरापासून शंभर मैलांच्या आतलंच खायचं. त्यातून 'द हंड्रेड माइल डाएट' झालं. दुसरं बार्बरा किंगसॉल्व्हर या अमेरिकन कादंबरीकार बाईंचं 'ॲनिमल, व्हेजिटेबल, मिरॅकल'. ॲरिझोनाचं वाळवंट सोडून त्या कुटुंबासह व्हर्जिनियातल्या शेतावर राहायला गेल्या, तिथल्या एका वर्षाची ही गोष्ट. 'लोकाव्होर' हा शब्दही त्याच काळातला. सॅन फ्रान्सिस्कोकडे २००५ मध्ये तो निघाला आणि २००७ मध्ये ऑक्सफर्डच्या अमेरिकन कोशाने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं.

पहिल्या पुस्तकातला सगळ्यात खरा भाग गव्हाचा. महिनोन्महिने शंभर मैलांत गहू सापडत नाही, बटाट्यांवर दिवस काढावे लागतात, आणि साधा पाव ही स्वप्नात येणारी गोष्ट होते. दुसऱ्या पुस्तकातला सगळ्यात लक्षात राहणारा भाग सवलतींचा. किंगसॉल्व्हर घरातल्या प्रत्येकाला एकेक सूट देतात. कॉफी, सुकी फळं, हॉट चॉकलेट आणि मसाले, अशा चार सुटी. बाहेरचं घ्यायचंच तर पिकवणाऱ्याला आणि त्याच्या जमिनीला बरं पडेल अशा वाटेने घ्यायचं, ही अट. मला हे आवडलं. त्या सोवळेपणाचा आव आणत नाहीत, आणि मसाल्यांवाचून जमणार नाही हे व्हर्जिनियातल्या बाईनेही कबूल केलेलं पाहून मला माझ्या लवंगांबद्दल जरा कमी अपराधी वाटलं.

तरी दोन्ही पुस्तकं मिटताना एक गोष्ट खटकत राहिली. दोन्हीकडे वर्तुळ काढणारा हात आणि वर्तुळाला खिंड ठेवणारा हात एकच आहे. कुटुंब टेबलाभोवती बसतं, चर्चा करतं, ठरवतं. वर्ष संपलं की पुन्हा हवं ते खायला मोकळं. आपल्या जेवणाची हद्द आपणच आखायची ही चैन आहे, याची जाणीव दोन्ही लेखकांना अधूनमधून होते. पण ती जाणीव कथेचा रस्ता बदलत नाही.

आता तेच वर्तुळ धाराशिवभोवती काढून पाहू. शंभर मैल म्हणजे एकशे साठ किलोमीटर. सोलापूर, लातूर, बीड, परभणी, कलबुर्गी आत येतात. विजापूर जेमतेम आत. सांगली बाहेर, म्हणजे सांगलीची हळद गेली. कोकण तर फारच लांब, म्हणजे तांदूळ, नारळ, आमसूल, मासे सगळं गेलं. उरतं काय? शाळूची ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग, जवस, कारळं, करडई, चिंच, बोरं, अंबाडी, गूळ. रानात आपोआप येणारी घोळ, तांदूळजा, पाथरी. भूम तालुक्यातला कुंथलगिरीचा खवा, ज्याला आता भौगोलिक मानांकन आहे. आणि ज्या प्राण्याने जिल्ह्याचं जुनं नाव देशभर नेलं ती काळी उस्मानाबादी शेळी. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. शेळी अजून उस्मानाबादीच आहे.

वाचायला हे छान वाटतं. रील करायलाही. पण आमच्या शेतात खरीपात यातलं काही नसतं. सोयाबीन असतं. ते आम्ही खात नाही. ते लातूरच्या बाजारात जातं आणि तेलाच्या पाकिटातून गावातल्या किराणा दुकानात परत येतं. जिथे पाणी आहे तिथे ऊस. तोही खायचा नसतो, कारखान्याला घालायचा असतो. ज्या करडईचं तेल आजीने निम्मं आयुष्य खाल्लं ती आता गावात दोन-तीन रानांतच दिसते. आणि तिचं लाकडी घाण्याचं तेल पुण्यात ज्या भावाने मिळतं तो आजीला मी सांगितलेला नाही. म्हणून यादीत तेलापुढे प्रश्नचिन्ह. आमच्याच मातीतलं सोयाबीन, पण त्याच्या तेलाला स्थानिक म्हणायला जीभ रेटत नाही. करडईचं तेल मात्र पुण्याच्या दुकानातून विकत घेऊन 'आपल्याकडचं' म्हणून खायचं.

'आपल्याकडचं' या शब्दाचीही थोडी झडती घ्यायला हवी. ज्वारी मुळात आफ्रिकेतली. मिरची, शेंगदाणा, मका, सीताफळ, पेरू ही सगळी मंडळी पोर्तुगीज आल्यानंतर समुद्रापारहून आली. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी हे आमच्याकडचं सगळ्यात 'गावचं' जेवण, आणि त्यातला दाणा दक्षिण अमेरिकेतला. तेर आमच्या जिल्ह्यात आहे, गोरोबाकाकांचं तेर. तेच प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी पुस्तिकेत लिहिलंय की तगरहून कापड गाड्यांत घालून वाट नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं, आणि भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात इटलीची दारू असायची. कोरा, बंदिस्त, स्वतःपुरता गाव इथे फार पूर्वीपासूनच नाही. उपवासाचं तर विचारूच नका. अस्सल स्थानिक ज्वारी उपासाला चालत नाही. तमिळनाडूतल्या सेलमकडून येणारा साबुदाणा, परदेशी बटाटा आणि परदेशी दाणा चालतो. देवाने सूट कोणत्या नकाशावर दिली कोण जाणे.

आजीच्या मनात बाहेरच्या अन्नाची आठवण वेगळीच आहे. १९७२ च्या दुष्काळात ती नवी नवरी होती. शेतमालकाच्या घरातली सून, तरी खडी फोडायला गेली, कारण त्या वर्षी शेत असणारे आणि नसणारे एकाच कामावर होते. कामावर सुकडी मिळायची. रेशनवर लाल मिलो यायचा, अमेरिकेतली ज्वारी. भाकरी नीट थापली जायची नाही, चव नाही, रंग बघवत नाही. मी तिला शंभर मैलांची गोष्ट समजावत होते तेव्हा ती मध्येच म्हणाली, "ती मिलो अमेरिकेतनं आली म्हणून तुझा बाप जगला." यावर काय बोलणार.

आज उलटं झालंय. रेशनवर मुख्यतः गहू आणि तांदूळ येतो, दूरच्या राज्यांत पिकलेला. ज्वारीला २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षात 'श्री अन्न' असं नाव मिळालं, आणि भाकरी हॉटेलच्या मेनूत गेली. गावात ज्याची रोजी बुडते तो पोळी-भात खातो आणि पुण्यात ज्याला पगार आहे तो भाकरी. मी त्या दुसऱ्या गटातली.

एवढं सगळं डोक्यात घोळत असताना मी तिसरं पुस्तक हातात घेतलं : शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. २०१५ साली आलेलं. लेखक आमच्याच जिल्ह्यातले. २०२४ मध्ये भूषण कोरगांवकर यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा' या नावाने ते देशभर वाचलं गेलं. मी अनुवादाची चर्चा ऐकून मूळ पुस्तकाकडे आले, हे लाजत सांगते. जे पुस्तक माझ्या गावापासून एसटीच्या अंतरावर घडलं ते मला इंग्रजीने सांगावं लागलं.

पाटोळे महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाविषयी लिहितात. आधी वर्ण, जात आणि अन्नाच्या सात्त्विक-राजस-तामस अशा प्रतवारीचा हिशेब, संतसाहित्यात कोणाच्या ताटाविषयी काय म्हटलंय याची छाननी, मग पदार्थ. शीर्षकातच सगळं आहे. जेवायला बसताना ज्या श्लोकात अन्नाला पूर्णब्रह्म म्हणतात तो आमच्या शाळेतही म्हटला जायचा, सगळ्यांकडून, डब्यात काय आहे हे न बघता. पाटोळेंनी 'पूर्ण'आधी एक 'अ' लावला आणि श्लोकाला विचारलं, कोणाचं अन्न?

हे पुस्तक स्थानिक खाण्याविषयीचं पुस्तक म्हणून कोणी वाचत नाही. त्याला दलित साहित्यात, फार तर खाद्यसंस्कृतीच्या कप्प्यात ठेवतात. माझं म्हणणं असं की स्थानिक खाण्यावरचं मराठीतलं सगळ्यात कडक पुस्तक हेच आहे. इथली हद्द शंभर मैलांची नाही. ती गावकुसाची आहे, आणि खाणाऱ्यांनी आखलेली नाही. जे गाव देईल, जे रानात फुकट उगवेल, जे जनावर गावात मरेल, त्यावर चूल चालवायची. तूप-दुधाला या स्वयंपाकात फारशी जागा नाही. ती गावकुसाच्या आत पाच मिनिटांच्या चालीवर आहेत आणि तरी परदेशाइतकी लांब आहेत. किलोमीटरने मोजणाऱ्या लोकाव्होरांच्या लक्षात न आलेलं अंतर ते हे.

आणि या अंतरावर जो स्वयंपाक उभा राहिला तो काय कौशल्याचा आहे! पाश्चात्त्य शेफ आज 'नाकापासून शेपटीपर्यंत' वगैरे म्हणत जनावराचा एकही भाग वाया न घालवण्याचं तत्त्वज्ञान विकतात. इथे त्या प्रत्येक भागाला नाव आहे, शिजायला लागणारा वेळ आहे, चावून खायचा की चोखून याची रीत आहे. साकळलेल्या रक्ताची रक्ती. साफ करण्यातच निम्मा जीव जाणारी वजडी. मांसाच्या लांब पट्ट्या उन्हात वाळवून ठेवलेल्या चान्या, म्हणजे फ्रीज नसलेल्या घरातली पावसाळ्याची बेगमी. मी हे वाचत होते तेव्हा मला सतत वाटत होतं की मी परदेशाविषयी वाचतेय. मग आठवायचं, ही चूल आमच्या घरापासून एका हाळीच्या अंतरावर होती आणि तिच्यावर काय शिजतं हे आमच्या घरात कोणी कधी विचारलं नव्हतं. माझ्या 'सूट' नावाच्या यादीतलं सगळ्यात मोठं भगदाड मला त्या दिवशी दिसलं. मी कलबुर्गीची तूर आत धरली होती. गावातलीच अर्धी चूल मात्र माझ्या वर्तुळात आलीच नव्हती.

पण पाटोळेंचं पुस्तक नुसतं हरवलेल्या चवींचं संग्रहालय समजून वाचलं तर त्याच्यातला पेच हातून निसटतो. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्याआधी डॉ. आंबेडकरांनी परिषदेत जे सांगितलं त्यात मेलेल्या जनावराचं मांस सोडा, हेही होतं. पाण्याची गोष्ट आपण शाळेत शिकतो. मांसाची गोष्ट सहसा गाळली जाते. नीट पाहिलं तर महाराष्ट्रात अन्नाविषयी जाणीवपूर्वक केलेला आधुनिक काळातला मोठा ठराव हाच, आणि तो स्थानिक अन्न नाकारण्याचा आहे. गावाने दिलेलं, गावातच मेलेलं, फुकट, शून्य मैलांचं अन्न. ते घेतलं तर गाव म्हणतं तुम्ही ते खाता म्हणून तुम्ही असे. ते नाकारणं म्हणजे गावाने आखलेल्या हद्दीवर पाय देणं. घरोघरच्या बायांनी ते नाकारलं. कशाच्या जोरावर नाकारलं, त्या दिवशी चुलीवर काय ठेवलं, हे कोणत्या कुकबुकात सापडणार?

महाडनंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी पाटोळे त्याच सोडलेल्या अन्नाच्या कृती लिहून काढतात. हा विरोधाभास आहे का? मला आधी वाटला. दुसऱ्या वाचनात वाटेना. सोडलेली गोष्ट लिहून ठेवता येते ती सोडणाऱ्यालाच. ज्याने कधी खाल्लीच नाही त्याने ती लिहिली तर ती हेरिटेज होते, थाळी होते, हुरडा पार्टीच्या शेजारचा स्टॉल होते. पाटोळेंच्या लिहिण्यात आठवणीची चटक आहे आणि संतापही आहे. दोन्ही एकाच पानावर असतात, कधी एकाच वाक्यात. पुस्तकाचा पोत त्यामुळे खडबडीत झालाय. युक्तिवादाच्या भागातून पदार्थांच्या भागात जाताना गाडी जोरात आदळते. 'रुचिरा'च्या वाटी-चमच्याच्या शिस्तीत वाढलेल्या माझ्यासारखीला या पुस्तकातून स्वयंपाक शिकायचा म्हटलं तर अवघड. तो त्याचा दोष मी मानत नाही.

एक दोष मात्र मानते. पुस्तकात बोलणारा 'आम्ही' बहुतेक वेळा जेवणारा आहे. करणारीचा आवाज मला कमी ऐकू आला. वजडी साफ करताना पाणी किती लागायचं, ते किती लांबून आणायचं, रक्ती बिघडली तर कोणाचा मार खायचा, पोरांना वाढून तिच्यासाठी काय उरायचं, हे मला तिच्या तोंडून हवं होतं. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त शेणातले ज्वारीचे दाणे वेचून, धुऊन, दळून भाकरी करणारी म्हातारी आहे. त्या प्रसंगात अन्नाची सगळी अर्थव्यवस्था एका बाईच्या हातांतून कळते. पाटोळेंच्या पुस्तकाचा पल्ला मोठा आहे. तसे हात त्यात अजून हवे होते.

पुस्तक आलं त्याच वर्षी, मार्च २०१५ मध्ये, आणखी एक गोष्ट घडली. गाईच्या कत्तलीवर राज्यात १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. आता बैल आणि वळूही त्यात आले. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कत्तल झालेल्या जनावराचं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. कायद्याच्या गुणदोषांची चर्चा इथे नको. मी फक्त माझ्या वर्तुळापुरतं बघतेय. ज्या स्वयंपाकाविषयी पाटोळे लिहितात त्यातल्या एका मोठ्या भागासाठी स्थिती अशी झाली की गावातलं चालणार नाही, परराज्यातलं आलं तर गुन्हा नाही. स्थानिकला मनाई आणि आयातीला सूट. किंगसॉल्व्हर यांच्या टेबलावर असा ठराव कोणी मांडला असता तर हसले असते.

आता येळवशीचं सांगते, कारण त्याशिवाय हे पुस्तक माझ्या घरात कसं शिरलं ते कळणार नाही.

वेळ अमावस्या, आमच्या बोलीत येळवस, मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर, धाराशिव, सोलापूर आणि पलीकडे कर्नाटकात बिदरकडे या दिवशी गावं ओस पडतात, कारण सगळे रानात असतात. कडब्याची कोपी करायची, आत पांडव मांडायचे, आणि जेवायचं. हरभरा, तूर, वाल, वाटाण्याचे ओले दाणे, मेथी, पातीचा कांदा, चिंच, बेसन एकत्र शिजवलेली भज्जी. बाजरीचे उंडे. आंबट अंबिल. शेंगाच्या पोळ्या, गव्हाची खीर. शंभर मैल कशाला, भज्जीतलं बहुतेक सगळं शंभर पावलांतलं. स्थानिक खाण्याचा इतका सुंदर दिवस जगात फार ठिकाणी नसावा, असं मी पुण्यात सगळ्यांना सांगत आलेय. आणि त्या दिवशी रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाका मारून जेवायला बसवतात, हेही. ते खरंच आहे.

गेल्या येळवशीला मी पुस्तक पिशवीत घालून रानात नेलं होतं. दुपारी जेवणं झाल्यावर आजीला त्यातलं थोडं वाचून दाखवलं. रक्तीपाशी तिने नाक मुरडलं नाही, याचं मला नवल वाटलं. ती म्हणाली, "सालगड्याची बायको करायची. वास यायचा वाऱ्यावर." मी विचारलं, येळवशीला ते कुठे जेवायचे? आजीने कोपीच्या मागच्या बांधाकडे हात केला. भज्जी तीच, त्याच भांड्यातली. त्यांची ताटं त्यांनी आणायची. वरून वाढायचं. "अन् त्यांचं तुम्ही कधी खाल्लं?" आजी म्हणाली, "कसं खायचं?" तिच्या आवाजात ताठा नव्हता आणि पस्तावाही नव्हता. मिठाबद्दल विचारलं होतं तसंच तिने हे विचारलं, की कुठनं आणणार?

त्या सालगड्यांची नात माझ्या वर्गात होती. आता लातूरला नोकरी करते. पुण्याला परतल्यावर मी तिला फोन केला आणि फार घोळून घोळून यादीचं, महिन्याचं, पुस्तकाचं सांगितलं. मनात होतं की तिच्या आईकडून काही पदार्थ विचारून घ्यावेत. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ज्वारी आम्हाला मजुरीत मिळायची म्हणून आम्ही भाकरी खायचो. आता पगार पैशात मिळतो म्हणून पोळी खातो. तू उलटं कशाला करायलीस?" मी म्हटलं, आरोग्याला बरी असते. ती हसली. म्हणाली की तिचा मुलगा रविवारी ब्रॉयलर चिकन आणि नूडल्स मागतो, आणि ती करते, कारण तिला लहानपणी मागायला काहीच माहीत नव्हतं. आई कधीतरी शेळीची रक्ती करते अजून. कॉलनीत कोणाला सांगत नाही. खिडक्या लावून करते.

मी पदार्थ विचारले नाहीत. पुस्तकाबद्दल मात्र तिनेच विचारलं, आणि मी माझी प्रत तिला कुरियरने पाठवली.

माझ्या नोट्समधली यादी अजून आहे. मीठ, चहा, लवंग. तेलापुढचं प्रश्नचिन्ह तसंच आहे. भाकरी मी खाते, मला आवडते म्हणून; तिला श्री अन्न म्हणणं सोडलंय. रूममेटने पुन्हा एक महिना करू या म्हणून विचारलं होतं, मी अजून हो म्हटलेलं नाही.

मागच्या आठवड्यात लातूरहून एक फोटो आला. पुस्तकाचं पान, आणि समासात पेन्सिलीने तीन ओळी, शाळकरी अक्षरात. मैत्रिणीच्या मुलाचं अक्षर आहे, सांगणारी त्याची आजी. एका कृतीवर तिचा आक्षेप आहे. आपल्या गावात हे असं करत नव्हते, तिखट शेवटी घालायचे, असं तिने लिहून घेतलंय. फोटोखाली मैत्रिणीचा मेसेज : पुस्तक परत पाठवायला वेळ लागेल, आईचं अजून बरंच दुरुस्त करायचं राहिलंय.